अम्माची पुडी एकदम बंद करू नका

पत्र: आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे राहतो. अम्मा ५२ वर्षांची, लग्नाआधीपासून विड्या वळते. दीड वर्षापूर्वी तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. सकाळी कात्री धरता येत नाही, हात सुटायला दहा-साडेदहा वाजतात. सिव्हिलला दाखवलं, रक्त तपासलं. ‘आमवात आहे, आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह आलाय’ म्हणाले आणि मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि रोजची एक वेगळी गोळी दिली. ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असं एका मेडिकलवाल्याने सांगितलं. तरी अम्माने तीन आठवडे घेतली. फरक काही पडला नाही, मळमळ मात्र झाली, म्हणून सोडली. आता ती मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणते. रोज दोन, माल द्यायच्या आदल्या दिवशी तीन. शिवाय मावशीने सांगितलेल्या एका माणसाची पुडी सहा महिन्यांपासून रोज चालू आहे. पुडीने दोन दिवसांत बोटं मोकळी झाली, चेहराही भरला. सगळे म्हणतात तब्येत सुधारली. पण हल्ली पाय सुजतात आणि बी.पी. वाढलंय. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. त्रास न करणारी, कायम घेता येईल अशी दुखण्याची गोळी कोणती? आणि पुडी आजच बंद करू का?
– एक मुलगी, सोलापूर

उत्तर:

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, त्याची घाई आहे. पुडी आज एकदम बंद करू नका. बंद करायची आहे ती मेडिकलची दुखण्याची गोळी, आणि ती आजपासूनच. हे उलटं वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगते.

पुडीत काय आहे ते इथे बसून मला दिसत नाही. पण दोन दिवसांत मोकळी झालेली बोटं, गोल झालेला चेहरा, चढलेलं बी.पी. आणि पायांवरची सूज एकत्र वाचली की पहिला संशय स्टेरॉइडचा येतो. जडीबुटीच्या नावाखाली स्टेरॉइड मिसळून विकणं आपल्याकडे नवीन नाही. अम्माच्या त्वचेवर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडतात का, तहान आणि लघवी वाढली आहे का, तेही बघा. तसं असेल तर संशय आणखी पक्का.

स्टेरॉइड आपलं शरीरही रोज थोडं तयार करतं. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला ॲड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात, ते काम त्यांचं. बाहेरून महिनोन् महिने आयतं मिळत राहिलं की त्या सुस्तावतात. अशात पुडी झटक्यात थांबवली तर बाहेरचं बंद झालेलं असतं आणि आतलं सुरू झालेलं नसतं. मग ग्लानी, उलट्या, चक्कर, बी.पी. एकदम खाली. त्यात ताप किंवा जुलाब लागले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पुडी उतरवायची ती डॉक्टरांच्या हातून, पायरीपायरीने. बहुधा ते पुडीच्या जागी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मोजलेली गोळी देतील आणि काही आठवड्यांत ती कमी करत आणतील. पुडीचा धोका नुसता स्टेरॉइडचा नाही. आज त्यात किती आहे आणि उद्याच्या पुडीत किती असेल, हे कुणालाच माहीत नसतं.

याच आठवड्यात उरलेल्या पुड्या, मेडिकलच्या स्ट्रिपा आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून अम्माला सिव्हिलला घेऊन जा. पुडीची गोष्ट लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून पदराखाली पुडी धरून बसलेल्या बायका मला नेहमी भेटतात आणि नेमकी तीच माहिती सगळ्यात कामाची असते. रागावले तर रागावले. साखर, बी.पी., क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगा. दरम्यान उलट्या सुरू झाल्या किंवा अम्मा गळून पडली तर थेट अपघात विभाग गाठा आणि पहिलं वाक्य हेच बोला की सहा महिने रोज पुडी चालू होती, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

मावशीवर चिडू नका. स्टेरॉइडची ही जादू भल्याभल्यांना भुलवून गेली आहे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. जिला अंथरुणात कूस बदलणं जड जात होतं ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना मिळून नोबेल मिळालं. पुढे मोठ्या डोसात वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली, मोतीबिंदू आले, तेव्हा डॉक्टर सावध झाले. आजही आम्ही आमवातात स्टेरॉइड देतो, पण थोडं, मोजून, आणि खरं औषध लागू पडेपर्यंतच.

आता दुखण्याच्या गोळीकडे येऊ.

अम्माची स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. पुढचं मोठं नाव कंपनीचं असतं, औषध मागे लिहिलेलं असतं. बहुतेक तिथे दोन-तीन नावं सापडतील: डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक, बरोबर पॅरासिटामॉल, आणि शेपटाला क्लोरझॉक्साझोन नाहीतर सेराशिओपेप्टिडेज. यातली सूज आणि ठणका कमी करणारी खरी गोळी पहिली. शेपटाच्या नावांचा आमवाताला फारसा उपयोग नाही, स्ट्रिपची किंमत तेवढी वाढते. डायक्लोफिनॅक एका गोळीत ५० मिलिग्रॅम असेल तर माल द्यायच्या आदल्या दिवशीच्या तीन गोळ्यांचे १५० झाले. दिवसाची कमाल मर्यादाच ती. त्यातच कुणी कंबरेसाठी वेगळ्या नावाची गोळी दिली किंवा दवाखान्यात जाऊन सुई घेतली, की मर्यादा ओलांडली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. या जातीच्या दोन गोळ्या एका वेळी कधीच घ्यायच्या नाहीत, नावं कितीही वेगळी असोत.

ही गोळी शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाही. सांध्यात सूज आणि ठणका आणणारी ती हीच, म्हणून आराम पडतो. पण पोटाचं अस्तर जपणारी आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखणारी रसायनंही हीच. गोळीला सांधा कुठला आणि पोट कुठलं ते कळत नाही. बरोबर दिलेली पँटोप्राझोल, म्हणजे आपली ‘गॅसची गोळी’, पोटाला सांभाळते. मूत्रपिंडाला, बी.पी.ला किंवा हृदयाला तिचा काही उपयोग नाही. गॅसची गोळी घेतली म्हणजे सगळं सांभाळलं, ही समजूत मी शिकल्यासवरलेल्या घरांतही ऐकते.

अम्माच्या बाबतीत तर ही गोळी आणि बहुधा स्टेरॉइड, दोन्ही एकदम चालू आहेत. या जोडीने पोटात जखम होऊन रक्त जाण्याचा धोका एकेकट्या औषधापेक्षा बराच वाढतो. बी.पी. दोघांनीही चढतं, पायांवर सूज दोघांनीही येते. डायक्लोफिनॅक थांबवायला पायऱ्या लागत नाहीत, आज थांबवलं तर आजच थांबतं. म्हणून म्हटलं, आधी ती गोळी. शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत कॉफीसारखा काळपट रंग दिसला किंवा लघवी कमी झाली, तर पिशवी भरत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्यात आपलं सोलापूर. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे, वर पत्रा, आणि बायका दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. उठायला लागू नये, संडास लांब आहे, म्हणून पाणी मोजून पितात. कोरड्या पडलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाला सगळ्यात जास्त लागते. बी.पी.साठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारखी गोळी आणि लघवीची गोळी सुरू झाली असेल, तर या तिघी मिळून मूत्रपिंड बसवू शकतात. जनावरांना दिलेलं हेच डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आपल्याला ते बऱ्यापैकी सोसतं. पण रोज दोन, वर्षानुवर्षं, तपासणीविना, हे सोसण्यापलीकडचं आहे.

मग तोवर दुखलं तर? डॉक्टरांना दाखवेपर्यंत साधी पॅरासिटामॉल. काविळीचा किंवा लिव्हरचा आजार नसेल आणि रोजचं पिणं नसेल तर ६५० ची एक गोळी सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारच्या वर नाही. आमवाताची सूज तिने उतरत नाही, आराम निम्माशिम्माच मिळेल, हे अम्माला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मेडिकलच्या पायरीवर दिसेल. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं हळूहळू उघडझाप करायला लावा.

‘कायम घेता येईल अशी’ गोळी विचारलीत. आमवातात रोज, आयुष्यभर, बेफिकीरपणे घ्यावी अशी दुखण्याची गोळी नाही. एटोरिकॉक्सिब पोटाला जरा सौम्य, पण बी.पी. वाढवते. अम्माचं आधीच वाढलंय, म्हणून सध्या तिचं नाव नको. तिच्याच कुळातली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरातून मागे घ्यावी लागली. नेप्रोक्सेन हृदयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरी समजतात, पोट आणि मूत्रपिंड यांची काळजी तिथेही आहेच. ट्रॅमाडॉलने गुंगी येते, मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि सांध्यातल्या सुजेला ती हातही लावत नाही. हातात कात्री धरून बसणाऱ्या बाईला ती मी सहसा देणार नाही.

यातली कुठलीही गोळी आमवात थांबवत नाही. ठणका दबलेला असतानाही सांध्याचं अस्तर सुजलेलंच राहतं आणि हळूहळू हाड कुरतडतं. बोटं वाकडी होतात ती यातूनच, आणि एकदा वाकली की गोळीने सरळ होत नाहीत. शेजारच्या आजींचे गुडघे वयामुळे झिजले असतील, त्यांचं गणित निराळं आहे. त्यांनी अधूनमधून गोळी घेतली, मलम चोळलं, तर चालून जातं. अम्माच्या शरीराची संरक्षण यंत्रणा तिच्याच सांध्यांवर उठली आहे. तिला आवरणारं औषध म्हणजे सोडून दिलेली मेथोट्रेक्सेट.

‘कॅन्सरची गोळी’ हे अर्धंच खरं आहे. कॅन्सरमध्ये हेच औषध शिरेतून शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅम देतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या डोसात ते पेशी मारायला नाही, बिथरलेली सूज शांत करायला वापरतात. जगभर आमवातात पहिली निवड हीच असते, आणि महागही नाही. अम्माला आणखी एक सांगा, कदाचित तिला ते माझ्या मिलिग्रॅमांपेक्षा जास्त पटेल. हे औषध अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. तिच्याच तेलुगू भाषेचे. मेथोट्रेक्सेटबरोबर घ्यायचं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्वही त्यांच्याच चमूने प्रयोगशाळेत बनवलं होतं.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही, यात नवल नाही. या औषधाला सहा ते बारा आठवडे लागतात. सिव्हिलमध्ये हे कुणी नीट सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, पण तिथली ओपीडीची रांग मीही पाहिली आहे. मधल्या आठवड्यांसाठीच थोडं स्टेरॉइड किंवा दुखण्याची गोळी असते. औषध लागू पडू लागलं की तिची गरज आपोआप घटते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अम्माने दुखण्याची गोळी घेतली की त्या तारखेवर रेघ मारा, आणि सकाळी हात किती वाजता सुटले तेही लिहा. दोन महिन्यांनी ते पान डॉक्टरांना दाखवा. रेघा तेवढ्याच असतील तर डोस वाढवायचा की सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइडसारखं दुसरं औषध जोडायचं, ते त्यांना ठरवता येईल. त्यापुढे टोफॅसिटिनिब आणि बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, ती सुरू करण्याआधी टी.बी.ची तपासणी होते. आज त्याची चिंता नको.

घरात उरलेली मेथोट्रेक्सेट मात्र आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि अम्माची मूत्रपिंडं सध्या कशी आहेत ते आपल्याला माहीत नाही. आधी रक्तपेशी, लिव्हरसाठी एसजीपीटी, क्रिएटिनिन, मग गोळी. सुरुवातीचे तीन महिने या तपासण्या दोन ते चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी होतात.

सगळ्यात मोठी चूक घडते ती वाराची. आठवड्याची गोळी कुणीतरी रोज देतं, आणि पेशंट तोंडभर फोड, ताप आणि उतरलेल्या रक्तपेशी घेऊन येतो. यात माणसं दगावली आहेत. मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड, दोन्ही लहान आणि पिवळ्या असू शकतात, म्हणून डब्या वेगळ्या ठेवा आणि गोळी तुमच्याच हाताने द्या. तोंड आलं, घसा दुखून ताप आला, कोरडा खोकला आणि दम लागू लागला, तर पुढची गोळी थांबवून दाखवा. अम्मा मिश्री लावत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण मग तोंडाची आग मिश्रीच्या नावावर खपते आणि औषधाचा इशारा कळत नाही. उलट्या-जुलाब झाले तर त्या आठवड्याची गोळी चुकवून डॉक्टरांना विचारा. लघवीच्या जंतुसंसर्गाला कुणी कोट्रायमॉक्साझोल लिहून दिलं तर ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ म्हणून अडवा, ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीवर आणू शकते. आणि आराम पडला म्हणून शेजारणीच्या सुनेला यातली गोळी देऊ नका. गरोदरपणात हे औषध पोटातल्या बाळाला घातक आहे.

मळमळीवर उपाय आहेत. जेवून रात्री घ्यायची, म्हणजे बरीचशी झोपेत जाते. फॉलिक ॲसिड चुकवायचं नाही. तरीही त्रास झाला तर डॉक्टर डोस विभागून देतात किंवा कातडीखालची सुई देतात. सिव्हिलने दिलेली रोजची दुसरी गोळी बहुधा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन असेल. तिच्यासाठी सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा.

विड्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ती तिसरी गोळी मजुरीसाठीच घेतली जाते हे तुमच्या पत्रातच आहे. ‘विश्रांती घ्या’ म्हणणं मला सोपं, हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणाऱ्या बाईला नाही. बोटांच्या मुळांवर बराच ताण येतो तो पानं कातरताना. औषध लागू पडेपर्यंतचे दोन-तीन महिने कातरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, अम्माने वळावं. ते जमत नसेल तर कात्रीच्या कड्यांना जुनं मऊ कापड जाड गुंडाळा, म्हणजे मूठ कमी आवळावी लागते. पानं नीट भिजलेली असू द्या. आणि हात सुटल्याशिवाय, म्हणजे दहाच्या आधी, सूप मांडीवर घ्यायचं नाही.

मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाली की वार आधीच पक्का करा. दुसऱ्या दिवशी थोडी मरगळ असते, म्हणून सुट्टीच्या आदली रात्र बरी. तुमच्याकडे रविवार सुटीचा असेल तर शनिवारी रात्री जेवणानंतर. अम्मा सोमवार करत असेल तर रविवारची रात्र टाळा, मळमळ आणि उपास एका दिवशी नको. फॉलिक ॲसिड कोणत्या वारी ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या, आणि दोन्ही वार डब्यांच्या झाकणांवर तेलुगूत लिहून ठेवा.